फुकटचं मौन

मी मुकी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रविवारी पिंपरीच्या मैदानावर जेवढी माणसं होती त्यातली निम्मी मला अजून मुकी समजतात. राहिलेली निम्मी चोर समजतात.

मी भित्री आहे, एवढं मात्र खरं. आठवी पास होऊन शाळा सोडली ती पण भिऊनच (नववीला गणिताला कोण सर आहेत ते बघून आले होते). लग्न होऊन लातूरकडून इकडं चाकणजवळ निघोज्याला आले तेव्हापासून तर भीतीला सुट्टीच नाही. सरकता जिना बघितला की मी साधा जिना शोधते. अनोळखी नंबरचा फोन आला की मी तो गादीखाली ठेवते. आणि आमच्या चाळीचा जो मोबाईलवर ग्रुप आहे त्यात रोज कुणीतरी टाकतंच, मुलं पळवणारी टोळी फिरतीय, बाईच्या वेशात असते, सावध राहा. ते वाचलं की मी शिवूला, म्हणजे माझ्या चार वर्षाच्या शिवन्याला, उचलून आत घेते आणि कडी लावते. मग आत उकडतं म्हणून ती रडते. मग मला वाटतं, रडण्याचा आवाज ऐकून टोळीला कळंल की ह्या खोलीत लेकरू आहे.

पण सगळ्यात जास्त भीती मला फुकटची वाटते. त्यामुळं अंगणवाडीच्या बाई जेव्हा म्हणाल्या, "शिवन्याच्या मम्मी, रविवारी पिंपरीला कलेचा मोठा महोत्सव आहे, पोरीला घेऊन जा, सगळं फुकट आहे," तेव्हाच माझ्या तळहाताला घाम आला.

"फुकट म्हणजे, शेवटी काय विकतात?" मी विचारलं.

"काही विकत नाहीत हो. मातीकाम, रंगकाम, ध्यान. कधीही जा, कुठंही बसा, कधीही उठा. कुणी नाव पण विचारत नाही."

"मग बोलवतात कशाला?"

"माणसांना आनंद व्हावा म्हणून."

नाव न विचारता आनंद देणारी माणसं. आता तुम्हीच सांगा, ह्याला टोळी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

घरी सांगितलं तर शिवूचे पप्पा म्हणाले, "जा की. माझी फर्स्ट शिफ्ट सुटली की मी तिकडंच येतो." आणि आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, त्या गावाकडून महिनाभर राहायला आल्या होत्या, त्यांनी तर पदर खोचलाच. "फुकट हाय नव्हं? मग बसलीस कामून?"

आत्याबाई कशाला भीत नाहीत. एकदा चुलीमागं नाग निघाला तर त्यांनी आधी भाकरी उलटली आणि मग नागाकडं बघितलं. पण एका गोष्टीत त्यासुद्धा थरथरतात, ती म्हणजे नेम. उपास, व्रत, बोललेला नवस. त्यात जरा इकडचं तिकडं झालेलं त्यांना चालत नाही. ते लेकराला बाधतं म्हणतात.

तर आम्ही गेलो. आधी सीटवाली रिक्षा, मग बस. शिवूला दसऱ्याचा पिवळा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या, कानामागं काजळाचं बोट लावलं. मैदानाच्या गेटवर आम्हाला कुणी अडवलंच नाही. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं. आत बघते तर लांबच लांब पांढरं कापड अंथरलेलं आणि चांगले चांगले कपडे घातलेली माणसं त्यावर हाताचे पंजे रंगात बुडवून उमटवतायत, हसतायत. एक म्हातारे आजोबा कागदाचे पक्षी करून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात देत होते. मला दिला तर मी "नको, आमच्याकडं आहे" म्हणून पुढं पळाले.

उन्हानं आत्याबाईंचे पाय दुखायला लागले. एका बाजूला मोठा मंडप होता, आत सावली, चटया टाकलेल्या, आणि माणसं कशी गप बसलेली. आत्याबाई जाऊन टेकल्या. मी शिवूला मांडीवर घेऊन टेकले. आम्हाला वाटलं, विसाव्याची जागा आहे. तेवढ्यात एक पोरगी आली, केसांची एक बट जांभळी रंगवलेली, आणि इतकी गोड हसली की मी पर्स घट्ट धरली.

"या मॅम, वेलकम," ती म्हणाली. (मला जन्मात कुणी मॅम म्हणलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं.) "ही आपली मौन-फेरी आहे. मी तुमच्या हाताला हा दोरा बांधते. मनात एक संकल्प धरायचा. थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, मग उठून सगळ्या मैदानात शांतपणे फिरायचं, सगळं नीट बघायचं. इथली मोठी घंटा वाजली की परत यायचं, दोरा सोडायचा. तोपर्यंत बोलायचं नाही. चुकून बोललात तरी चालेल हं, काही प्रेशर नाही."

आता ह्यात तिची काय चूक? ती बिचारी तिच्या भाषेत बोलली. पण दोरा, संकल्प, मौन आणि घंटा, एवढं सगळं एका दमात ऐकल्यावर आमच्या घरातल्या बायकांना काय कळणार? आत्याबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, चपला लांब सरकवल्या आणि उजवा हात पुढं केला.

"चुकून बोललं तर चालंल म्हणती," त्या माझ्या कानाला लागल्या. "तिला काय जातंय? आमच्या कमळीनं मौन धरलं होतं. कुत्रं भाकरीला लागलं म्हणून नुसतं 'हाड' म्हणली. हाड. दुसरं काय न्हाई. आठ दिवसात तिचं पोरगं झाडावरून पडलं, पाय मोडला. धरायचं तर नीट धर, न्हाईतर हात मागं घे."

मला हात मागं घ्यायचा होता. पण जांभळ्या केसांच्या ताईनं तोवर गाठ मारली होती.

संकल्प काय करायचा ह्याचा विचार करावाच लागला नाही. शिवूचे पप्पा चाकणच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे मुदत संपत आली की घरात कुणी मोठ्यानं हसत नाही. नवीन कपडे नाहीत, गावाला जायचं ठरवायचं नाही, उद्या गेटवर कार्ड चालंल का नाही तेवढंच. आणि त्याच महिन्यात मुदत संपत होती. मी डोळे मिटले आणि म्हणलं, देवा, ह्यांना पर्मनंट कर. तोंडातून शब्द काढणार नाही.

मग त्या ताईनं एका पितळेच्या भांड्यावर लाकडाचा दांडा फिरवला. असा आवाज निघाला की डोक्यातलं सगळं बाहेर वाहून गेलं. घरातली रोजची पळापळ, पाण्याची मोटर, डबा, शिवूचं नाक, सगळं गेलं. मी कधी नाही एवढी शांत झाले. जन्मात पहिल्यांदा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

डोळे उघडले तर मांडी रिकामी.

शिवू नाही. शेजारी आत्याबाई पण नाहीत. माझ्या तोंडातून "शि" एवढं येतच होतं, ते मी दातानं पकडलं. म्हणलं, थांब. आत्याबाईंनीच नेली असंल. मी अनवाणीच बाहेर पळाले. आणि समोरच मातीकामाच्या मंडपात दिसल्या आत्याबाई. आरामात पाय पसरून बसल्यात, पुढ्यात चिखलाचा गोळा, आणि पोळ्याचा बैल करतायत. भोवती पाच-सहा कॉलेजच्या पोरी, "आजी, वॉव" करत. आणि शिवू नाही.

मी समोर जाऊन उभी राहिले. हातानंच विचारलं, शिवू कुठाय? (कमरेएवढी उंची दाखवली, दोन वेण्या दाखवल्या.)

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं पण मौन. त्यांनी मातीची दोन बोटं दोन्ही गालांवरून खाली ओढली. मग दोन्ही हातांचे पंजे केले, बोटं वाकडी करून, आणि हवेत काहीतरी झडप घालून पकडल्यासारखं केलं. तोंडाचा मोठा आ वासला. आणि मानेनं तिकडं, पलीकडं, गेटाच्या बाजूला एक मोठा पडदा लावला होता त्या दिशेला दाखवलं.

मला एका क्षणात सगळं कळलं. शिवू रडत होती. कुणीतरी झडप घालून पकडली. तिनं आरडाओरडा केला. आणि तिकडं नेली.

एवढं सांगून आत्याबाई परत बैलाचं वशिंड थापायला लागल्या. मी म्हणलं, ही काय बाई आहे का दगड? नातीला उचलून नेलं आणि हिला वशिंडाची पडलीय. पण मग नाग आठवला. भाकरी आधी उलटली होती.

मी पळाले. आत्याबाईंनी दाखवलं तिकडं, पडद्याच्या कडेनं, आत न डोकावता, थेट गेटाकडं. पायाखाली काय येतंय बघितलं नाही. त्या पांढऱ्या कापडावरून गेले, ओल्या रंगावरून. एक माणूस म्हणाला, "वा, पावलंही छान वाटतायत." माझ्या मागं निळ्या पावलांची ओळ उमटली होती आणि लोक तिचे फोटो काढत होते.

ओरडावं का? हे तुम्ही विचारणार. मी पण तेच विचारत होते. ओरडले तर व्रत मोडणार. व्रत मोडलं तर बाधणार लेकराला. आणि लेकरू आधीच त्यांच्या हातात. म्हणजे मी इकडं "शिवू" म्हणायची आणि तिकडं त्याच शब्दानं तिला काहीतरी व्हायचं. कमळीचं तर नुसतं "हाड" होतं, माझं तर पुरतं नाव. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि पळत राहिले.

वाटेत जांभळ्या केसांची ताई दिसली. देव भेटल्यासारखं झालं. मी तिचे दोन्ही दंड धरून गदागदा हलवले. तिनं माझ्या मनगटावरचा दोरा बघितला, मग माझ्या डोळ्यातलं पाणी बघितलं, आणि तिच्या पण डोळ्यात पाणी आलं.

"येऊ दे," ती हळूच म्हणाली. "अडवू नका. कितीतरी वर्षांचं साठलेलं असतं."

मी मान जोरजोरात हलवली. उंची दाखवली, वेण्या दाखवल्या.

"हो, हो. तुमच्यातली लहान मुलगी," ती म्हणाली. "तिला भेटा. तिला जवळ घ्या."

जवळच घ्यायचीय की गं बाई, मी मनात ओरडले. तिनं मला मिठी मारली. शेजारून जाणाऱ्या दोरा बांधलेल्या दोन बायका थांबल्या, त्यांनी पण मारली. मिठीतल्या मिठीत त्यांनी मला एका चटईपर्यंत नेलं आणि आडवं केलं. कुणीतरी पायाला हात लावून बसलं. एक बाई तर माझ्यापेक्षा जास्त रडायला लागली. मी उठायला बघितलं की तिघी मिळून खाली दाबायच्या आणि ताई म्हणायची, "पडून राहा, पडून राहा." इकडं माझ्या डोळ्यापुढं पांढरी व्हॅन. शिवू मागच्या सीटवर. नाशिक फाटा गेला. मोशी गेली.

शेवटी मी लोळत कडेला गेले, तशीच उठले आणि सुटले.

आता मात्र ठरवलं. खड्ड्यात गेलं पर्मनंट, खड्ड्यात गेली कमळी. मी गेटावर उभी राहिले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आणि आवाजच नाही. खरंच नाही. घशात कुणी बूच मारल्यासारखं. नुसतं "ह, ह" असं वारं निघत होतं. आधी मी बोलत नव्हते, आता मला बोलता येत नव्हतं. तेव्हा जी भीती वाटली ना, ती आजही रात्री कूस बदलताना मधूनच आठवते. तिच्यापुढं सरकता जिना म्हणजे काहीच नाही.

गेटावरचे सिक्युरिटीवाले काका खुर्चीतून उठले.

"काय झालं, ताई?"

मी घशाला हात लावला.

"पाणी पायजे? हे घ्या." त्यांनी बाटली तोंडाला लावली. मी प्यायले, कारण भरल्या तोंडानं नाही कसं म्हणणार. मग मी परत उंची दाखवली.

"छोटी बाटली नाही आपल्याकडं."

मी वेण्या दाखवल्या, बाळ झुलवल्यासारखं केलं, कपाळ बडवून घेतलं. काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे. बोलता येत नाही होय तुम्हाला? चुकलात का? घरचे कुठं गेले?" आणि माझा हात धरून त्यांनी मला माईकवाल्याकडं नेलं. मी म्हणलं, चला, आता निदान पुकारा तरी होईल. झाला की.

"लक्ष द्या, लक्ष द्या. एक मुक्या ताई हरवलेल्या आहेत. हिरवी साडी, पाय निळे. घाबरलेल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी स्टेजजवळून घेऊन जावं."

लेकरू हरवलं माझं आणि पुकारा माझाच. सगळं मैदान माझ्याकडं बघून हळहळलं. एका बाईनं माझ्या हातात चिक्की दिली.

आणि तेवढ्यात, त्या सगळ्या डोक्यांच्या मधून, मला पिवळा फ्रॉक दिसला. दोन वेण्या. पाठमोरी. एका उंच बाईच्या मागं मागं गेटाकडं चालली होती. चिक्की टाकली आणि मी झेप घेतली. मागून कंबर धरली, उचललीच, छातीशी लावली. लेकरानं मान वळवली.

वाघ.

म्हणजे तोंड वाघाचं. नारिंगी, काळे पट्टे, मिशा. मी किंचाळले असते, पण आवाज कुठं होता? पोरगी किंचाळली. मी म्हणलं, शिवूच आहे, तिला ओळखू येऊ नये म्हणून टोळीनं तोंड रंगवलंय. मी आणखी घट्ट धरलं. ती माझ्या खांद्याला चावली. शिवू पण चावते, त्यामुळं माझी खात्रीच पटली.

"सोडा तिला! कोण तुम्ही? सोडा माझ्या मुलीला!" ती उंच बाई धावून आली आणि तिनं पोरीचे पाय धरले. मी डोकं धरलेलं. ती तिकडं ओढते, मी इकडं ओढते. (पिंपरी कॅम्पातून दसऱ्याला घेतलेला फ्रॉक आपल्याच पोरीकडं असतो असं समजणं हा किती मोठा वेडेपणा, ते मला त्या दिवशी कळलं. दुकानदारानं तसले ढीगभर विकले असणार.)

"मुलं पळवणारी आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मुकी बनून फिरतीय."

"मला वाटलंच. पायाला रंग लावलाय, ठसे कळू नयेत म्हणून."

"अरे, मी हिला पाणी पाजलं राव," सिक्युरिटीवाले काका म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

कुणीतरी माझा दंड धरला. कुणीतरी मोबाईल वर केला. म्हणजे उद्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर येणार, बाईच्या वेशात असते, आणि खाली माझाच व्हिडिओ. पोरगी माझ्या हातातून ओढून घेतली तेव्हा तिच्या गालाचा रंग पुसला आणि आतून दुसरंच लेकरू निघालं. गोरं, खळीवालं. माझं नव्हतं. मी मटकन खाली बसले. लोक काय काय बोलत होते ते ऐकूच येईना. मला एवढंच कळत होतं की एवढा वेळ मी दुसऱ्याचं लेकरू धरून बसले आणि माझं आणखी लांब गेलं.

मान वर केली तर गर्दीच्या कडेला आत्याबाई. हाताला कोपरापर्यंत माती. आणि त्यांच्या कमरेवर एक वाघ. पिवळा फ्रॉक. कानामागं काजळाचं बोट.

शिवू!

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांचं तोंड मिटलेलं, ओठ नुसते थरथरत होते, आणि मनगटावर दोरा. मी त्यांच्याकडं, त्या माझ्याकडं. मला दिसत होतं, त्यांच्या डोक्यात काय चाललंय. एका बाजूला पोराचं कल्याण, एका बाजूला सून मार खाणार. त्यांनी डोळे मिटले. मग उघडले, आणि तोंड पण उघडलं.

"ए! हात सोड तिचा! माझी सून हाय ती. चोर न्हाई, येडी हाय!"

दंडावरचा हात सुटला. वशिंडाची माती टपटप खाली पडत होती.

"आन तू कामून लेकरू वढायलीस लोकाचं? तुला सांगितलं न्हवं, पोरगी तोंड रंगवून घ्यायलीय, वाघाचं?" त्यांनी परत दोन बोटं गालावरून ओढली, पंजे केले, आ वासला. "ही मिशी, हे पंजे, ही डरकाळी. पडद्यामागंच व्हती की! आजून कसं सांगायचं तोंड न उघडता?"

गालावरून बोटं म्हणजे पट्टे. पंजे म्हणजे वाघ. आ म्हणजे डरकाळी. आणि मी त्यातनं आख्खी टोळी काढली होती, व्हॅनसकट.

"मम्मी," शिवू म्हणाली, "तू खाली कामून बसलीस?" आणि मला डरकाळी फोडून दाखवली.

तेवढ्यात पलीकडच्या मंडपात मोठी घंटा वाजली.

माझ्या घशातलं बूच निघालं. मी शिवूला धरलं आणि जी काय रडले, ती मोठ्या आवाजात, गावाकडच्या पद्धतीनं, नाव घेऊन घेऊन. लोक मागं सरकले. ती उंच बाई, जिची पोरगी मी ओढली होती, ती जवळ आली. मला वाटलं, आता मारते. ती माझ्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "अहो ताई, तोंडानं सांगायचं ना. माझा जीव गेला होता." मी म्हणलं, "माझा पण." मग तिची वाघीण आणि माझी वाघीण एकमेकींच्या मिशा ओढायला लागल्या, तेव्हा कुठं आम्ही दोघी हसलो. हसलो म्हणजे, दात वाजत होते, त्यातच हसून घेतलं.

दोरा सोडायला जांभळ्या केसांची ताईच आली. तिला पलीकडं काय झालं ते कळलेलंच नव्हतं. "कसा होता अनुभव? एका शब्दात सांगा," ती म्हणाली.

आत्याबाई म्हणाल्या, "घाम."

शिवूचे पप्पा शिफ्ट सुटून गेटावर आले तेव्हा त्यांना आधी दिसले निळे पाय, मग वाघ, मग आईचे मातीचे हात. ते एवढंच म्हणाले, "झाला का आनंद?"

बसमध्ये आत्याबाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. कुणीतरी पोरगा मोबाईलवर मोठ्यानं बोलत होता, एरवी त्यांनी त्याला झापलं असतं. मला कळत होतं, त्यांना काय खातंय. शेवटी त्याच हळूच म्हणाल्या, "तू काय मागितलं व्हतंस?"

"ह्यांचं पर्मनंट," मी म्हणलं.

"मी बी त्येच," त्या म्हणाल्या. मग पदरानं नाक पुसलं. "मोडलं माझ्या हातानं. लई इचार केला बग तिथं उभं ऱ्हाऊन. मग म्हणलं, पर्मनंट आज न्हाई तर उद्या व्हईल. सून गेली तर दुसरी कुठनं आणू? आन आणली तरी ती शाणी निघाली म्हणजे?"

मी नुसता त्यांचा हात धरला, मातीचा होता तसाच. शिवू आमच्या दोघींच्या मांडीवर आडवी होऊन झोपली होती आणि झोपेतसुद्धा मिशीला हात लावू देत नव्हती.

पुढचे पंधरा दिवस घरात काय वातावरण होतं ते सांगत नाही. आत्याबाई शिवूला झाडाजवळ जाऊ देईनात. मी तिला पलंगावर चढू देईना. मग एका दुपारी शिवूचे पप्पा आले, चपला काढल्या, आणि म्हणाले, "पर्मनंट नाही केलं."

आत्याबाई भिंतीला टेकल्या.

"पण काढलं पण नाही. मुदत वाढवली."

मी आणि आत्याबाईंनी एकमेकींकडं बघितलं. सगळं कसं लख्ख कळलं. देवाकडं दोन अर्ज गेले होते. एकीचं मौन मोडलं, एकीचं राहिलं (मला आवाजच नव्हता म्हणून राहिलं, पण देवाला तेवढं कुठं माहीत). त्यानं बरोबर मधोमध तोडगा काढला. मी हे सगळं शिवूच्या पप्पांना समजावून सांगितलं. ते चहा पीत ऐकत होते.

"मग पुढच्या वर्षी परत जा की," ते म्हणाले. "राहिलेलं अर्धं मागून घे."

मी त्यांच्या हातातली बशी घेतली आणि म्हणलं, "अहो, मी काय म्हणते, कॉन्ट्रॅक्टमध्ये असं वाईट काय आहे?"